खंडेनवमीचा लॅपटॉप

२००७ साली आमच्या गेवराईत लॅपटॉप म्हणजे अप्रूप होतं. ज्याच्याकडे असायचा, तो बाजारातून जाताना उगाच बॅग पुढे धरून चालायचा. आणि तो बंद पडला की तीच बॅग पोटाशी धरून आमच्या वहिनीच्या स्वयंपाकघरात यायचा. वहिनी म्हणजे गंगासागर, माझ्या थोरल्या भावाची, शिवलिंगप्पाची बायको. पुढच्या खोलीत भावाचं किराणा दुकान आणि मागे वहिनीचा कारखाना.

तिच्या वडिलांचं परळीला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे लग्नात बाकीच्या सामानाबरोबर तिची कथलाची डाक द्यायची कांडीही आली. माझ्या आईला ते काही रुचलं नव्हतं. पुढे वहिनीनं कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि मग तिला कोण आवरणार? आमचा चुलतभाऊ रवि हैदराबादला नोकरीला. तिथे कंपन्या जुने लॅपटॉप भंगारात काढायच्या, ते हा पोत्यात घालून आणायचा. वहिनी स्क्रू काढून आतली हार्डडिस्क बाहेर घ्यायची, एक छोटा जोड लावून आपल्या कॉम्प्युटरला जोडायची आणि मेलेल्या यंत्राच्या पोटात काय काय राहिलंय ते बघायची. पहिल्यांदा कुण्या परक्या कुटुंबाचे सहलीचे फोटो निघाले, तेव्हा तिनं अख्खी गल्ली गोळा केली. मग तिलाच ओशाळल्यासारखं झालं. लोकांचं ते लोकांचं, म्हणून तिनं ते सगळं पुसून टाकलं आणि पुन्हा कधी परक्याची डिस्क विनाकारण उघडली नाही. डिस्का ती शंकरपाळ्याच्या डब्यात ठेवायची. भाऊ म्हणायचा, आमच्या घरात पाहुण्याला फराळ वाढायचा तर आधी दात बघून घ्यावे लागतात.

त्या वर्षी मी दसऱ्याला माहेरी आले होते. सकाळी तोरण लावतोय तोवर चकलांब्याचा रामहरी फोटोग्राफर दारात हजर. चेहरा असा, की मला वाटलं कुणीतरी गेलंच. मागे काखेत पोर घेतलेली एक बाई, छबुबाई.

झालं होतं ते असं. आदल्या दिवशी खंडेनवमी. शेतकरी नांगर पुजतो, सुतार रंधा पुजतो, तर रामहरीनं कॅमेऱ्याबरोबर लॅपटॉपही पाटावर मांडला. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, नारळ फोडला आणि भक्तीच्या भरात नारळाचं पाणी सगळ्या हत्यारांवर शिंपडलं. लॅपटॉप उघडा ठेवला होता, का तर देवाला पडदा दिसावा. वर प्रसाद म्हणून ओल्या हातानं चालूही करून बघितला. तो एकदा चमकला आणि गप्प झाला. मला हसू आवरेना, पण वहिनी हसली नाही. ती छबुबाईकडे बघत होती.

छबुबाईचा नवरा आषाढात पान लागून गेला होता. शेतात साप चावला, दवाखान्यापर्यंत पोहोचलाच नाही. घरात त्याचा एक फोटो नव्हता. मतदानाच्या कार्डावरच्या काळ्या डागाला तर सख्ख्या आईनंही ओळखलं नसतं. उन्हाळ्यात गावातल्या एका लग्नात रामहरीनं जे फोटो काढले, त्यातल्या एकात तो होता. कॅमेऱ्यातलं कार्ड पुसून पुढच्या लग्नांना वापरून झालं होतं, लग्नाचा अल्बम अजून छापला नव्हता, म्हणजे फोटो उरला तो या लॅपटॉपमध्येच. टोळीची गाडी दुसऱ्या दिवशी ऊसतोडीला कर्नाटकात निघणार होती, म्हणून ती आज फोटो न्यायला आली होती.

नवऱ्याचं नाव काय, असं वहिनीनं विचारलं, तर छबुबाई खाली बघून म्हणाली, सुरेखाचा बाप. सुरेखा म्हणजे काखेतली पोर. आमच्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. घेतलंच तर उखाण्यात. पंडित, असं रामहरीनं सांगितलं.

"अक्का, निघल का?" छबुबाई म्हणाली. "पोरगी इसरायली बापाला. आन खरं सांगू का, मीबी इसरायले. डोळे मिटले की नुसता सदरा दिसतो."

वहिनीनं पुरणाची परात माझ्याकडे सरकवली. तिनं लॅपटॉप पालथा घातला, स्क्रू काढले आणि डिस्क बाहेर ओढली. डिस्कचा डबा बंद होता, आत पाणी शिरलं नव्हतं. पण जोडायच्या टोकांवर नारळाचा चिकटा बसला होता. तिनं कापसाला स्पिरिट लावून एकेक टोक पुसलं, फुंकून वाळवलं आणि डिस्क जोडली. पडद्यावर एक चौकट आली.

"हो म्हणा की वैनी, ते इचारायलंय तर," रामहरीनं घाई केली.

"रामहरी, ते सगळं पुसू का म्हणून इचारायलंय."

वहिनीनं नाही म्हटलं आणि फायली हुडकायचं सॉफ्टवेअर सुरू केलं. डिस्क कटकट वाजायची, थांबायची, पुन्हा पुढे सरकायची. असं करत दिवस कलला. पहिला फोटो उमटला तो कुणाच्या तरी बारशाचा, पण आम्ही असे ओरडलो की भाऊ दुकानातून पळत आला. आपट्याची पानं घेऊन सोनं द्यायला आलेले शेजारी तिथेच बसले. सोनं हातातच राहिलं.

एवढ्यात लाइट गेली. सणाला जाणार नाही असं सांगितलं होतं, म्हणजे जाणारच होती. कॉम्प्युटरखालच्या यूपीएसच्या डब्यानं पीं पीं सुरू केलं; त्याचा जीव केवढा, पाच-दहा मिनिटांचा! मग माझ्या त्या टिंगलखोर भावानं दुकानातल्या दिव्यांची मोठी बॅटरी उचलली आणि सणाच्या नव्या धोतरावर आम्ल सांडतंय का याची पर्वा न करता आत आणून त्या डब्याला जोडली. मला त्याचा फार अभिमान वाटला.

अखेर लग्नाचे फोटो यायला लागले. रामहरी ओरडला, ह्योच, ह्योच! नवरदेव-नवरीभोवती सगळे पाहुणे, आणि पंडित पुढे सतरंजीवर बसलेला. वहिनीनं फोटो मोठा केला. फेटे दिसले, खुर्चीवरचे सरपंच दिसले. त्याखाली सगळं राखाडी. फोटोचा खालचा भाग डिस्कनं गिळला होता. खुर्चीवर बसलेले वाचले आणि जमिनीवर बसलेला गेला. मला इतका राग आला की त्या सरपंचाला पडद्यातून ओढून काढावंसं वाटलं.

छबुबाई पोरीला दुसऱ्या काखेत घेऊन उठायला लागली. वहिनीनं तिचा पदर धरून खाली बसवलं. पुसलेलंबी डिस्कवर राहतंय, म्हणाली, थांब जरा.

ते खरंच होतं. रामहरीनं बिघडलेले म्हणून काढून टाकलेले फोटो आता वर यायला लागले. कुणाचे डोळे मिटलेले, कुणाचा हात हललेला. रामहरी लाजून म्हणत होता, वैनी, हे नका बघू. आणि मग एक फोटो आला. मागे नवरदेवाचं नुसतं बाशिंग, आणि त्याला पुरता झाकून मधोमध एक माणूस. हातात बुंदीची बादली, खांद्यावर टॉवेल, कॅमेऱ्यात सरळ बघून सगळे दात काढून हसतोय. वरपासून खालपर्यंत अख्खा.

"नवरदेव झाकला म्हणून उडवला होता मी," रामहरी पुटपुटला.

सगळी खोली टाळ्या पिटायला लागली. भावानं बुंदी नाही म्हणून दुकानातल्या रेवड्या वाटल्या. मी रडत होते आणि हसतही होते. छबुबाई मात्र पडद्याजवळ सरकली आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "मधीच शिरायची खोड गेली न्हाई." मग तीही हसली.

अशा रीतीनं सापडलेल्या फायलींची मूळ नावं गेलेली असतात, उरतात नुसते आकडे. फोटो वेगळा ठेवायचा म्हणून वहिनीनं कामाच्या नादात विचारलं, काय नाव देऊ? विचारल्यावर तिच्या लक्षात आलं आणि तिनं जीभ चावली. रामहरी सांगणार, तोच छबुबाईनं हात वर करून त्याला थांबवलं.

"पंडित," ती म्हणाली. "पंडित लिवा, अक्का."

वहिनीनं लिहिलं. छबुबाईला वाचता येत नव्हतं, तरी ती त्या अक्षरांकडे बघत राहिली. मग तिनं पोरीचं तोंड पडद्याकडे वळवलं.

"म्हन, सुरेखा. पंडित. तुजा बाप."