भिंतीवर चढलेली बोटं

महानारायण तेलाचा वास आला की मला खांद्याआधी शनिवार पेठेतल्या ऑफिसची भिंत आठवते. उजवा खांदा आखडला, फ्रोझन शोल्डर म्हणे, आणि मी दोन महिने घरी बसलो. नेमके तेव्हाच ऑफिसात संगणक आले. चपला बाहेर काढून जायची थंडगार खोली, भिंतींना ताजा पांढरा रंग! तिथली खुर्ची हवीच, म्हणून हजर होताना साहेबांना ठणकावून सांगितलं, "हात पूर्ण बरा आहे." दुपारच्या सुट्टीत मात्र त्याच खोलीत खांद्यापासून बोटांपर्यंत तेल चोळून मी डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम केला. बोटांनी भिंत चढायची, इंचाइंचानं, कळा सोसत. मागे तेलकट ठसे उमटताहेत, हे या शहाण्याला दिसलंच नाही. सुट्टी संपली तेव्हा साहेब भिंतीपुढे उभे. "अहो, ही पाल कोण?" मी तेलकट बोटं पाठीमागे लपवली. त्यांनी ठशांवरून नजर हळूहळू वर नेली. "खांद्यापर्यंतच पोचलात की! उरलेली भिंत घरी चढा, मग या." खुर्ची अर्थातच दुसऱ्याला गेली. आज माझा हात थेट डोक्यावर जातो; पण साहेब निवृत्त झाले, मीही झालो, आता दाखवू कोणाला?