सहावा गडी

सत्त्याण्णवच्या नोव्हेंबरात आमची तोफखान्याची मीडियम रेजिमेंट देवळाली कॅम्पात होती. मी हवालदार काकड, ड्रायव्हर. तोफ ओढणारी गाडी कुठल्याही चढावर नेली असती, पण स्वतःचं शरीर पाच किलोमीटरच्या टेस्टपुढं नेण्याची वेळ कधी आली नव्हती. माझं गाव मखमलाबाद. पहिल्यांदाच घराजवळ पोस्टिंग मिळालं, फॅमिली क्वार्टर मिळालं, आणि मंगलच्या हातच्या जेवणानं पोटही पुढं आलं.

फेब्रुवारीत स्टेशनची, म्हणजे सगळ्या छावणीची, मॅरेथॉन होती. प्रत्येक युनिटचे सहा जण. सहाही जण पाच तासांच्या आत पोचले तरच टीम धरणार. आमचा एक गडी अचानक कोर्सला गेला. रोलकॉलला सीओसाहेबांनी विचारलं, "और कोई?"

लान्स नाईक सोमा गावित पुढं आला. हरसूलकडच्या एका पाड्यावरचा पोरगा, रेजिमेंटचा सगळ्यात वेगवान रनर.

"साब, काकड उस्ताद दौड़ेंगे."

साहेबांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. "ये?"

"साब, गाडी का चक्का अकेले बदलते हैं. साँस नहीं फूलती."

फॉल-इन हसलं. साहेबही हसले. "ठीक है. ट्राय करो."

लाइनमध्ये परतल्यावर मी सोमाला शिवी दिली. तो म्हणाला, "उद्या साडेचारला या उस्ताद. लय मजा येल."

पहिल्या दिवशी मजा आली नाही. भगूरच्या अलीकडेच मी रस्त्याकडेला बसलो. सोमा समोर उभ्या उभ्या पळत राहिला.

"उस्ताद, तुम्ही टॉप गियरमधीच निघता. पहिला गियर टाका."

"किती हळू?"

"बोलता आलं पायजे. बोलता नाय आलं तर जास्त झालं."

ही भाषा मला कळली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही बोलत पळू लागलो. तो मला डिझेल पंप कसा खोलतात ते विचारायचा, मी धापा टाकत सांगायचो. तो त्याच्या पाड्यावरच्या गोष्टी सांगायचा. फोड आले, ते फुटले, कातडी घट्ट झाली. मोज्यांना आतून साबण चोळायचं त्यानंच शिकवलं. डिसेंबरात दारणेचा पूल ओलांडला. जानेवारीत पांढुर्लीच्या रस्त्याला लागलो. द्राक्षबागेतल्या बायका कुंपणापाशी येऊन विचारायच्या, "कोण मागं लागलंय वो?" सोमा ओरडायचा, "सीओसाहेब!"

एका सकाळी पळता पळता माझ्या लक्षात आलं की मी गुणगुणतोय. थंडीत अंगातून वाफ निघत होती, समोर सूर्य उगवत होता आणि परत फिरावंसं वाटत नव्हतं. पँट ढिली झाली होती. मंगलनं ती दोनदा आत घेतली आणि म्हणाली, "आता पुरे. नाहीतर नवीन नवरा समजतील."

शर्यतीच्या दिवशी ठरल्याप्रमाणे पहिल्या गियरमध्ये निघालो. पांढुर्लीपुढच्या वळणावर परत फिरलो तेव्हा मी ठीक होतो. ऊन चढलं. भगूर तीनेक किलोमीटरवर असताना उजव्या पोटरीत गोळा आला. मी चालायला लागलो. मागं जीप होती. तिच्यातला वायरलेस सेट मला स्पष्ट ऐकू येत होता.

"टायगर, हमारा छह नंबर कहाँ है? ओव्हर."

"पीछे है. चल रहा है. ओव्हर."

"चल रहा है या दौड़ रहा है? ओव्हर."

ऑपरेटरनं माझ्या पायांकडे पाहिलं. "चल रहा है. ओव्हर."

सेटवरूनच कळलं, बाकीचे पाच पोचले होते. सोमा सगळ्या स्टेशनमध्ये दुसरा आला होता. आता सगळं माझ्यावर होतं, आणि माझा पाय जमिनीला टेकत नव्हता.

भगूरला फॅमिलींचा लिंबूपाण्याचा तंबू होता. मंगल तिथं होती. तिनं मला पाहिलं, हातातला जग ठेवला, खाली बसून पोटरी दाबली. मग उठून पदर खोचला.

"अहो, चला."

"जमत नाही गं."

"जमेल. बोला माझ्याशी. सोमाभाऊ म्हणतात, बोलता आलं की पळता येतं."

"काय बोलू?"

"मग मीच बोलते." आणि ती साडी सावरत माझ्याबरोबर पळायला लागली. भावाच्या शेवंतीला यंदा कसा भाव आला, कुठल्या गाईला कालवड झाली, शेजारच्या सुभेदारीणबाईंनी हलव्यात साखरेऐवजी मीठ कसं घातलं. मला हसू आलं. हसताना पाय हलला. लॅम रोडच्या अलीकडे सोमा परत आलेला दिसला, गळ्यात मेडल, पायात काही नाही. "वैनी, तुमीच टीममधी पायजे होत्या!" असं म्हणून तोही आमच्यात आला. तिघं तसेच मैदानात शिरलो. पाच तास व्हायला थोडी मिनिटं बाकी होती.

सीओसाहेब रेषेपाशी उभे होते. "काकड, गाडी पहुँच गई?"

"पहुँच गई, साब. ओव्हरलोड थी."

टीम तिसरी आली. त्या संध्याकाळी लंगरवर खीर झाली. पुढच्या सोमवारी साडेचारला मी बूट बांधत होतो, तर मंगल दारात तयार उभी. पायात माझे जुने पीटी शूज, पुढं कापूस कोंबलेले.

नव्याण्णवच्या उन्हाळ्यात रेजिमेंट द्रासला गेली. जूनमध्ये एका सकाळी आमच्या गन पोझिशनवर गोळे पडले. सोमा तोफेकडे दारूगोळा नेत होता. तो जागीच गेला. वय सत्तावीस. त्याला खाली माझ्याच गाडीतून आणलं. त्या दिवशी सगळा घाट मी पहिल्या गियरमध्ये उतरलो.

सुट्टीवर आल्यावर मी आणि मंगल त्याच्या पाड्यावर गेलो. त्याच्या आईनं नागलीची भाकरी वाढली. शेजारणी दाराशी येऊन बसल्या होत्या. आईनं विचारलं, "तिकडं बी पळायचा का रं तो?"

मी खरं ते सांगितलं. "तिकडं हवा विरळ असते, आई. चार पावलं टाकली की छाती भरून येते. आम्ही सगळे चालायचो. तो एकटा पळायचा. गोळा पोचवून रिकाम्या हातानं परत येताना तर हसत पळायचा."

तिनं मान हलवली. शेजारणींकडे वळली.

"मी सांगत व्हते ना," म्हणाली.