ओट्यावरची दाढी

सोमवार, अमावास्येचा आदला दिवस. घरात हजर: मी, माझे यजमान शिवराज, आदल्या संध्याकाळी नळदुर्गहून आलेली आप्पांची बहीण गंगूआत्या, शेजारच्या दोघी जणी, आणि ओट्यावर खुर्चीत बसलेले माझे सासरे, आप्पा. दाढी झाली होती, चहा झाला होता, ऊन पायांपर्यंत आलं होतं. मी कप उचलायला गेले तर मान जराशी छातीकडे झुकलेली... वाटलं, डुलकी लागली. शाळेच्या कार्यालयात इतकी वर्षं हजेरीचं काम केल्यामुळे असेल, पण कोण कुठं होतं हे माझ्या मनात आधी नोंदलं जातं. रडू नंतर आलं.

आमच्या समाजात गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. आंघोळ घालून, भस्म लावून, बसवतात. माणसं समोरून येतात, चेहरा बघतात आणि नमस्कार करून बाजूला होतात. म्हणून पुरुषमाणूस असेल तर आधी दाढी करून घ्यायची. आप्पांचे केस कापणारे सलूनवाले नागनाथ निरोप मिळताच आले. त्यांनी पिशवी उघडली, आप्पांच्या गालावरून बोटं फिरवली आणि पिशवी परत बंद केली. "दाढी झालेली हाय की. कुणी केली?" शेजारणी माझ्याकडे बघायला लागल्या. मी काही बोलण्याआधी गंगूआत्या म्हणाली, "सुनेनं. रोज तीच करती." आत्याच्या तोंडून हे इतक्या सहज कसं आलं, हे कळायला थोडं मागं जावं लागेल.

उमरग्याला आप्पांचं कापडाचं दुकान. दाढी केल्याशिवाय शटर वर करायचं नाही हा त्यांचा नियम. "गिऱ्हाईक आधी दुकानदाराचं तोंड बघतंय, मग कापड," असं ते शिवराजला सांगायचे. मात्र त्या दाढीची रीत भयंकर होती. गार पाणी, हाताला लागेल तो साबण, बोथट होईपर्यंत वापरलेलं पातं. एकदा वरून खाली, मग खालून वर, आणि शेवटी तुरटी. मी लग्न होऊन आले तेव्हापासून सकाळ म्हणजे नळाला पाणी आणि न्हाणीघरातून आप्पांचं "स्स्स्". जबड्याखाली कायम लाल पुरळ. उन्हाळ्यात घाम लागला की दुकानात बसल्या बसल्या कॉलर ओढत राहायचे. शिवराज एकदा म्हणाला, "आप्पा, हे रोज सोसता कशाला?" तर म्हणाले, "झोंबलं म्हणजे साफ झाली. झोंबत न्हाय ती दाढी कसली?" मी हे स्वयंपाकघरातून ऐकायची. आमचं बोलणं तेव्हा भिंतीआडूनच चालायचं. आत यायच्या आधी ते खाकरायचे, मी पदर सारखा करायची, मग ते पाणी मागायचे.

सासूबाई गेल्या, आणि त्यानंतर काही वर्षांनी आप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं वाचलं, पायही बऱ्यापैकी सावरले, उजवा हात मात्र गेला. रक्त पातळ राहण्याची गोळी सुरू झाली आणि बारीकसं कापलं तरी रक्त लवकर थांबेना. डॉक्टर म्हणाले, दाढी जपून करा, नाहीतर मशीन वापरा. शिवराजनं सोलापूरहून चांगलं मशीन आणलं. ते फिरवून झाल्यावर आप्पांनी डाव्या हातानं गाल चाचपला. "ज्वारी काढून वावरात धसकटं ठेवावी तसं केलंस की रे." मग शिवराजनं रेझर हातात घेतला. बापाच्या गळ्याला पातं लावायचं म्हटल्यावर त्याचा हात असा थरथरायला लागला की आप्पाच म्हणाले, "कापड फाडायला बसलास का काय? ठेव खाली." त्यानं ठेवला तो ठेवलाच.

खरी काळजी त्यानंतर सुरू झाली. दुकानात आप्पांसाठी गादीशेजारी खुर्ची ठेवली होती, शिवराज रोज न्यायला तयार होता, डॉक्टरही म्हणत होते की माणसांत बसू द्या. पण आप्पा "असल्या तोंडानं चारचौघांत बसत न्हाय" म्हणून आतल्या खोलीत राहायला लागले. कोणी भेटायला आलं की तोंडावर टॉवेल ओढून झोपेचं सोंग करायचे. हात गेला तो गेला, पण बोलता-चालता माणूस भिंतीकडे तोंड करून संपायला लागला होता.

एका सकाळी मी गरम पाण्याचं पातेलं घेऊन त्यांच्यासमोर स्टूल ओढलं. "आप्पा, मी करते." त्यांनी आधी पातेल्याकडे बघितलं. मग त्यांनी डोळे घट्ट मिटले. त्यालाच मी होकार समजले. गरम पाण्यात पिळलेला रुमाल गालांवर धरला, केस मऊ होऊ दिले. ब्रशनं भरपूर फेस केला. पातं नवीन. पण गळ्यापाशी आल्यावर माझाही हात थांबला. विचारलं, "आप्पा, गिऱ्हाइकाला मखमल दाखवताना तुम्ही हात कसा फिरवता?" डोळे मिटूनच म्हणाले, "लवेच्या बाजूनं. उलटा फिरवला तर खरबरीत लागती." "मग इथं उलटा का फिरवत होता?" त्यांनी डोळे उघडले. डावा हात वर केला आणि फेसातूनच बोटांनी गळा चाचपायला लागले, ठाणातलं कापड पारखतात तसे. "हितं खाली जातीय... हितं आडवी... आणि ह्या बाजूला तर कानाकडं चाललीय गं." सगळी हयात लव बघण्यात गेलेल्या माणसाला स्वतःच्या गळ्याची लव तेव्हा कळली.

ते सांगत गेले तसा मी रेझर फिरवत गेले. हात हलका, ओढ छोटी, दर वेळी पातं धुऊन. कुठं राहिलं तर परत फेस लावून. शेवटी गार पाणी, आणि टॉवेल चोळायचा नाही, नुसता टिपायचा. वर खोबरेल तेलाचं बोट. आप्पा मध्येच "साकु, साकु" म्हणाले. आमच्या घरात पुरे म्हणायला कानडीच शब्द येतो. "झाली?" त्यांनी विचारलं. "झाली." "झोंबलं न्हाय की." त्यांनी आरसा मागितला, गाल फुगवून बघितला, मग तुरटी मागितली. मी म्हटलं, "उद्या बघू." दुसऱ्या दिवशीही मी तेच म्हटलं. हळूहळू जबड्याखालची लाली गेली, पुरळ बसलं, आणि तुरटीचा विषयही बंद झाला. आप्पा शिवराजच्या गाडीवर बसून दुकानात जायला लागले. आता दिशा सांगायची गरज नव्हती आणि ओठांवर फेस असताना त्यांना बोलता यायचं नाही, म्हणून त्या वेळात मी बोलायची. शाळेतल्या भानगडी, बाजारभाव, शिवराजच्या तक्रारी, सगळं. इतकं निमूट ऐकून घेणारा सासरा कुणाच्या वाट्याला आला असेल असं मला वाटत नाही.

मग एकदा गंगूआत्या काही दिवस राहायला आली. सकाळी तिनं आतल्या खोलीत डोकावून बघितलं आणि दारातच थांबली. "दादा, सुनंचा हात तोंडाला? आपल्या घरात सासऱ्यापुढं सुनंचा आवाज निघत नव्हता. लोक काय म्हणतील, जरा इचार करा." आप्पांनी टॉवेलकडे डावा हात केला. मी तोंड पुसून दिलं. दुसऱ्या दिवशी पाणी घेऊन गेले तर म्हणाले, "आज नको." त्याच्या पुढच्या दिवशीही नको. पांढरे खुंट वर आले, दुकानात जाणं बंद झालं, टॉवेल परत तोंडावर गेला. मी आत्याशी भांडले नाही आणि आप्पांची मनधरणीही केली नाही. हा निर्णय त्यांचा होता. फक्त रोज सकाळी पाणी तापवायची, ते निवलं की भांड्यांना वापरून टाकायची.

एका सकाळी खुर्ची फरशीवरून ओढल्याचा आवाज आला. बघते तर आप्पा डाव्या हातानं खुर्ची ओढत ओट्यावर निघालेले. मी धरायला गेले तर म्हणाले, "महानंदा, पाणी घेऊन ये. आत अंधार पडतुया. भायेर उजेड बरा हाय." आत त्यांच्या डोक्यावर ट्यूबलाइट जळत होती. मी पातेलं बाहेर आणलं. सकाळची वेळ, रस्ता वाहता. दूधवाले, शाळेची पोरं, दुकानं उघडायला निघालेली माणसं. समोरचे हॉटेलवाले थांबलेच. "आप्पा, काय चाललंय?" "दाढी. दिसत न्हाय व्हय?" "सुनबाईकडून?" आप्पांनी माझा हात बाजूला केला, ओठांवरचा फेस पुसला आणि म्हणाले, "मग काय तुझ्याकडून करून घिऊ? बिडी पेटवताना तुझा हात किती हालतुया ते बघितलंय म्या." हॉटेलवाले हसत पुढं गेले. आप्पांनी परत हनुवटी वर केली. आत्या उंबऱ्यात उभी होती. माझं संपत आलं तशी पुढं आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "कानामागं राहिलंय बघ थोडं."

त्यानंतर शेवटच्या सकाळपर्यंत दाढी ओट्यावरच झाली. थंडी असो, पाहुणे असोत.

पहिल्याच आठवड्यात मी एका कागदावर आप्पांचा चेहरा काढून लवेच्या दिशेचे बाण घातले होते आणि तो न्हाणीघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. ते गेल्यानंतर मी तो काढायला गेले, तर शिवराज म्हणाला, "राहू दे." मला वाटलं, आठवण म्हणून. पण तो आरशात बघून मान इकडे तिकडे करत होता. "अगं, माझीपण इथं आडवीच आहे. आणि ही कानाकडं." आता तो रोज सकाळी बापाचा चेहरा समोर ठेवून आपली दाढी करतो. आमच्या न्हाणीघरातून "स्स्स्" येत नाही.

मागच्या आठवड्यात आप्पांचे मित्र बसवंतकाका आले. उन्हातही गळ्याला मफलर. हात थरथरतो, दाढी कुठं राहते, कुठं कापतं, त्यामुळे महिन्याभरात मठात गेलेले नाहीत हे मला माहीत होतं. चहा पिऊन झाल्यावर मफलर जरा सैल करून म्हणाले, "तुमच्या आप्पाला बघत होतो ओट्यावर. तवा लई हसलो होतो... माझ्या घरात पोरगंच हाय. ते ट्रकवर असतंय. त्याला शिकवाल का?" मी म्हटलं, "घेऊन या. पण आप्पांचा कागद तुम्हाला चालायचा नाही, काका. ज्याची लव त्याची. दोन दिवस वाढू द्या, आणि चाचपून मला सांगा." तेव्हापासून रस्त्यात दिसतात तेव्हा त्यांचा हात गळ्यावरच असतो. उजव्या बाजूची दिशा त्यांनी सांगितली आहे, मी कोऱ्या कागदावर चेहरा काढून तेवढे बाण घातलेत. मुलाची गाडी हैदराबादहून अजून यायची आहे. डावी बाजू कोरी आहे.