वहिनींना पाण्याची भीती वाटते

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, सकाळच्या योगाच्या वर्गातल्या मैत्रिणींनाही नाही, ज्यांना एकमेकींच्या स्वयंपाकघरातलंसुद्धा सगळं ठाऊक असतं. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर बहुधा विश्वासच बसला नसता. माझ्याबद्दल लोकांचं मत चांगलं आहे. ते मी मेहनतीने कमावलंय, मग त्यात खोटी नम्रता कशाला?

तर मी कशी आहे ते आधी सांगते. ठाण्याला वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीत पाणी आलं नाही की लोक सेक्रेटरीला नाही, मला फोन करतात. निवृत्त होईपर्यंत मी एका विमा कंपनीच्या ऑफिसात क्लेमचं टेबल सांभाळलं. पॉलिसीच्या मागच्या पानावरची मुंगीएवढी अक्षरं वाचायची सवय तिथेच लागली. घरात कुणाचं ऑपरेशन असो, गॅरंटी संपायला आलेला फ्रिज असो नाहीतर परदेशची सहल — शुभा काय म्हणते ते आधी विचारतात आणि मग तसंच करतात. घरात असं एक माणूस लागतंच. मला ते जमतं. आवडतंही.

आणि वहिनी — माझी मोठी जाऊ. आमची दारं समोरासमोर आहेत, दिवसभर उघडीच असतात. वहिनी मूळच्या खडवलीच्या. वडील तिथे स्टेशनात नोकरीला होते, घर नदीपासून हाकेच्या अंतरावर. भातसेच्या पात्रात पलीकडच्या काठाला हात लावून परत येणाऱ्या मुलींत त्या सगळ्यांत पुढे असायच्या. हे त्यांनीच मला सांगितलं होतं, माझ्या लग्नाला काही महिने झाले असतील तेव्हा, गच्चीवर दोघी पापड वाळत घालत होतो. सांगताना त्यांचे हात पापडावर नव्हतेच, हवेत पाणी कापत होते. मी डोंबिवलीत वाढलेली. आमच्याकडे पाणी म्हणजे पहाटे उठून भरून ठेवायची वस्तू. मी नुसती बघत राहिले होते.

लग्न करून ठाण्यात आल्या आणि वहिनींचं पोहणं संपलं. कुणी मनाई केली म्हणून नाही, कुणी विचारलंच नाही म्हणून. ठाण्यात तलावांना काय तोटा? पण सून तलावात उडी मारते का कुठे?

तर — भाऊजी, म्हणजे वहिनींचे यजमान, गेले, त्याच्या पुढच्या वर्षी मी, माझा नवरा आणि वहिनी असे तिघं स्पेनच्या टूरला गेलो. सगळा ग्रुप मराठी, निम्मे पुण्याचे. दुसऱ्या दिवसापासूनच ग्रुप माझ्याकडे बघून चालायला लागला होता. कुठल्या रांगेत उभं राहायचं, कुठलं चीज वास मारणार नाही, बाथरूमचा नळ कुठल्या बाजूला फिरवायचा — सगळं मला विचारून. मी खूश होते. खरं सांगते, आयुष्यात इतकी खूश मी क्वचित होते.

मग ते समुद्रकाठचं गाव आलं. दुपार मोकळी होती. त्या दिवशी सकाळी नवरा नाश्त्याला खाली गेलेला असताना वहिनी माझ्या खोलीत आल्या, दार लावून घेतलं आणि पिशवीतून एक कपडा काढला. पोहण्याचा पोशाख. गडद निळा, पूर्ण बाह्यांचा, गुडघ्यापर्यंत, वर छोटासा झगा. उल्हासनगरहून कापड आणून त्यांनी स्वतः शिवला होता. समोरच्याच घरात राहून मला त्याचा पत्ता नव्हता.

"बघ गं, बरा दिसेल ना? हसू नकोस हं," त्या म्हणाल्या.

मी हसले नाही. "छान शिवलाय हो," म्हटलं. शिवलाही छानच होता.

तो किनारा तुम्ही पाहायला हवा होता. मला वाटलं होतं परदेशातला बीच म्हणजे सगळी तरणीताठी, आपल्याला कुठे बघावं कळणार नाही अशी. तिथे तर अख्खं गाव उतरलेलं! रंगीत छत्र्या एकमेकींना चिकटून, बादल्या-फावडी घेऊन बसलेली पोरं, बापाच्या खांद्यावरून पाण्यात उड्या मारणाऱ्या मुली, डब्यातून कापलेलं कलिंगड वाटणाऱ्या आया. आणि आज्या! साठी-सत्तरीच्या, चांगल्या जाडजूड, पोहण्याच्या पोशाखात, डोळ्यांवर काळे चष्मे लावून कमरेइतक्या पाण्यात गोल करून गप्पा मारत उभ्या. आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसतात ना, अगदी तशा. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. उंच खुर्चीवर जीवरक्षक बसलेला, त्याच्या डोक्यावर हिरवा झेंडा. हिरवा म्हणजे बिनधास्त उतरा. लहान पोरालाही कळेल असं ते होतं.

नवरा पुरुषमंडळींबरोबर कॉफी प्यायला गेला. ग्रुपमधल्या बायका वाळूत पंचे अंथरून चकल्या खात बसल्या. वहिनी उभ्याच होत्या. पंजाबी ड्रेसच्या आत त्यांनी तो पोशाख घातलाय हे फक्त मला माहीत होतं. बराच वेळ त्या पाण्यातल्या आज्यांकडे बघत होत्या. मग माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या —

"शुभा, उतरू का गं?"

आता हे नीट समजून घ्या. आमच्या घरात मोठी जाऊ धाकटीला विचारत नाही. विचारते ती धाकटी. मी लग्न होऊन आले तेव्हा चहाला कुठलं पातेलं घेऊ इथपासून दिवाळीला माहेरी किती दिवस राहू इथपर्यंत सगळं वहिनींना विचारायचे. आणि त्यांनी मला कशालाही, एकदाही, नाही म्हटलं नव्हतं. नोकरी धरायची म्हटलं तेव्हा सासूबाईंसमोर माझ्या बाजूने त्याच उभ्या राहिल्या. माझी मुलं त्यांनीच सांभाळली. मी जी कोण आहे ना, फोन येणारी, विचारली जाणारी — ती त्यांच्यामुळे आहे.

आणि मी काय म्हणाले?

"वहिनी, आपल्या टूरच्या विम्यात समुद्रात उतरणं बसत नाही. काही झालं तर सगळ्या ग्रुपची पंचाईत होईल."

असं काहीही नव्हतं. ती पॉलिसी मी निघण्यापूर्वी घरी दोनदा वाचली होती. त्यात असं एक वाक्य नव्हतं आणि हे सांगताना माझा आवाज जराही हलला नाही. टेबलावर बसून लोकांना नियम सांगायचे ना, तोच आवाज.

"हो का? मग नको बाई. आपल्यामुळे कुणाला त्रास नको," वहिनी म्हणाल्या. थोड्या वेळाने — "पाय तरी ओले करून येऊ?"

"कशाला? वाळू चिकटून बसते नुसती."

त्या बसल्या. आत तो निळा पोशाख, वर ड्रेस, त्यावर ओढणी, आणि ऊन मी म्हणत होतं. संध्याकाळपर्यंत बसल्या. माझ्या पर्सवर लक्षही ठेवलं त्यांनी.

का केलं मी असं? पुण्याच्या बायका हसतील म्हणून? तसं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. खरं नाही ते. खरं हे आहे की मला पाण्याची भीती वाटते. पार लहानपणापासून. ऑफिसच्या सहलीत एकदा गुडघाभर पाण्यातून शिपायाने हात धरून मला बाहेर काढलं होतं. घरात हे कुणाला ठाऊक नाही. वहिनी उतरल्या असत्या, तर त्या लांब गेल्या असत्या. पोहणाऱ्यांची हद्द दाखवायला पाण्यात बांधलेल्या दोरीपर्यंत, तिच्यावरच्या पिवळ्या फुग्यांपर्यंत, कदाचित सगळ्यांच्या पुढे. आणि काठावर पिशव्या घेऊन उभी राहिले असते मी. सगळा ग्रुप त्यांच्याकडे बघत राहिला असता. एवढंच. इतक्याशा गोष्टीसाठी.

इथे थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. नाही, चाललं नसतं — पण मी थांबलेही नाही.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये आमची टूर लीडर, ऋचा, माइकवरून म्हणाली, "काय हे काकू लोक! इतका सेफ बीच आणि कुणीच पाण्यात गेलं नाही? मी मुद्दाम दुपार मोकळी ठेवलेली तुमच्यासाठी!"

वहिनी माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. काहीतरी जुळवत असल्यासारखं. मी खिडकीबाहेर बघायला लागले. ऋचा आमच्याजवळ येऊन वहिनींना म्हणाली, "प्रमिलाकाकू, तुम्ही तर विचारत होतात ना मला, पाणी गार असेल का म्हणून?" वहिनी म्हणाल्या, "अगं, गुडघे दुखत होते काल."

त्यांचे गुडघे तेव्हा ठणठणीत होते. मला वाचवलं त्यांनी. पुन्हा एकदा.

आणि मी? त्याच रात्री जेवताना कुणीतरी तोच विषय काढला, तेव्हा मीच हसत म्हणाले, "गुडघे कसले! आमच्या वहिनींना समुद्राची भीती वाटली. लाट बघून मागे सरल्या!" सगळी टेबलं हसली. वहिनी ताटाकडे बघत होत्या, मग त्याही हसल्या. मला हायसं वाटलं. माझ्या तोंडून माझीच भीती बाहेर पडली होती आणि त्यांच्या नावावर जमा झाली होती.

परत आल्यावर तो किस्सा मी सांगत सुटले. तिखटमीठ लावून सांगितला. पूजेला, बारशाला, डोंबिवलीला भावाकडे. माझी सांगण्याची हातोटी चांगली आहे, लोक पुन्हा सांगायला लावतात. दर वेळी लाट थोडी मोठी व्हायची, वहिनी थोड्या जास्त घाबरायच्या. खडवलीच्या नदीबद्दल त्यांच्या मुलालाही माहीत नसावं. सासरी ते ज्यांना माहीत होतं त्यातले भाऊजी गेलेले. उरले मी. हळूहळू घरात ते पक्कंच झालं. गणपतीपुळ्याला गेलो, चपलांजवळ वहिनी. अलिबागला गेलो, डब्यांजवळ वहिनी. "आईला नको, ती घाबरते," असं त्यांचा मुलगा इतक्या प्रेमाने म्हणतो की ऐकणाऱ्याला कौतुक वाटावं.

माझी जीभ कधी उचलली नाही. सोसायटीच्या सभेत बिल्डरला गप्प करणारी माझी जीभ. एक वाक्य पुरलं असतं, आणि ते म्हणायला रोज सकाळी समोरचं दार उघडं असायचं.

गेल्या मे महिन्यात आम्ही सगळे कर्जतजवळच्या एका रिसॉर्टला गेलेलो. वहिनींची नवी सून, केतकी, मोठी गोड मुलगी. घरातल्या जुन्या गोष्टी तिला अजून कळायच्या आहेत. तिने सासूसाठीही पोहण्याचे कपडे आणले होते. न विचारता. आम्ही दोघी काठावर खुर्च्या टाकून बसलो होतो, तिथे ती आली आणि वहिनींचा हात धरून म्हणाली, "आई, चला ना. कमरेएवढंच पाणी आहे. मी धरते तुम्हाला, अजिबात सोडणार नाही!"

वहिनींनी पाण्याकडे पाहिलं. मग त्या तिच्याकडे बघून हसल्या.

"नको गं. मला पाण्याची भीती वाटते," त्या म्हणाल्या. "हिला विचार."

केतकीने माझ्याकडे पाहिलं. वहिनींनीही. त्या माझ्याकडे सरळ बघत होत्या आणि वाट बघत होत्या.

"हो गं," मी म्हणाले, "फार घाबरतात त्या."

केतकीने त्यांचा हात सोडला आणि ती एकटीच पाण्यात उतरली.