उंचीच्या काट्याखालचा आकडा

वर्बान मिंचेव्ह वेडा नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या चौदा नंबरच्या इमारतीतल्या अर्ध्या लोकांना तो वेडा वाटायचा आणि उरलेल्यांना आळशी. एकोणसाठ वर्षांचा बाप्या. बायको म्हाताऱ्यांची देखभाल करायला म्हणून स्पेनला गेली ती परत आलीच नाही, आणि हा स्वयंपाकघरात कॉम्प्युटर मांडून सहा वर्षं एक विमान बनवत बसलेला. खरं नव्हे हो. कॉम्प्युटरवर विमानांच्या लढाईचा गेम असतो ना, त्यात उडवायचं विमान. मिग-१७. गेम काढणाऱ्यांनी ते दिलेलं नव्हतं. अशी राहून गेलेली विमानं जगभरातले हौशी लोक घरी बसून बनवतात आणि फुकट वाटून टाकतात.

"पगार किती रे देतात?" मी एकदा विचारलं.

"काही नाही."

"मग निदान जेवायला तरी घालतात का?"

"स्तोयना, कॉफी पी आणि गप्प बस."

पण काम बघितलं की माझंच तोंड बंद व्हायचं. पंखावरचा एकेक रिवेट त्याने मोजून बसवलेला. स्लोव्हाकियातला इम्रिख नावाचा एक त्याच्यासारखाच खुळा त्याला रोज पत्र लिहायचा. शेपटीजवळ रिवेटची एक ओळ कमी आहे म्हणून दोघं आठवडाभर भांडले. शेवटी वर्बानचंच खरं निघालं, तेव्हा त्याने अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं गाणं म्हटलं. त्याला ते विमान हाताने माहीत होतं. आमच्या दुनाव नदीकाठच्या शहराबाहेर लष्कराचा हवाई तळ होता तेव्हा तो तिथे विमानातल्या यंत्रांचा मेकॅनिक होता, आणि मी तिथेच हवामानाच्या खोलीत. तळ बंद पडला. बल्गेरियात तेव्हा काय काय बंद पडलं नाही म्हणा. हा बाटल्यांच्या कारखान्यात गेला, मग बस चालवली, मग पाठ गेली.

पहिल्या मजल्यावर रायनामावशी राहायची. शहाऐंशी वर्षांची, काठीसारखी ताठ. तिचा एकुलता एक त्रिफोन आमच्याच तळावर वैमानिक होता. १९८६च्या चौदा फेब्रुवारीला डोंगरातल्या सरावाच्या मैदानावर सूर मारताना तो वर आलाच नाही. सव्वीस वर्षांचा होता. चौकशी समिती बसली, दोन महिन्यांनी उठली आणि कागदावर एक ओळ लिहून गेली: वैमानिकाची चूक. बाकीचं शहराने लिहिलं. चौदा फेब्रुवारी म्हणजे संत त्रिफोनचा सण, द्राक्षवेलींची छाटणी, घरोघरी वाइन. त्यात ज्याचं नाव त्रिफोन त्याचा तर नावाचा दिवस. मग काय, लोकांना एवढंच पाहिजे होतं. पिऊन उडाला, झालं. तळाच्या फाटकाशी गेलेल्या वैमानिकांच्या नावांचा दगड आहे, त्यावर अकरा नावं आहेत. त्रिफोनचं नाही.

मावशीला ते नाव दगडावर बघून मरायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं तिचं. वर्बान मिग-१७ बनवतोय हे कळलं त्या दिवशी ती चीजचा बानित्सा, आमची थरांची भाजलेली पोळी, घेऊन चौथ्या मजल्यावर चढली. लिफ्ट बंद होती, तरी चढली.

"यात तू तो दिवस परत उडवू शकतोस का?" तिने विचारलं.

"वारा, ढग, वजन, सगळं तसंच घालता येतं, मावशी."

"मग उडव. आणि कोणाच्याही बापाला ते विमान वर काढता आलं नसतं, हे मला दाखव. मी ते नगराध्यक्षाच्या टेबलावर आपटते."

वर्बान हो म्हणाला. त्रिफोनच्या विमानाचा मेकॅनिक तोच होता, नाही कसं म्हणणार? तेव्हापासून मावशी दर रविवारी चर्चमधून थेट त्याच्याकडे. तो काम करायचा, ही शेजारी लोकर विणत बसायची. "या चाकाला चिखल लाव रे, इतकं स्वच्छ चाक मी जन्मात पाहिलं नाही." तो खरंच चिखल लावायचा.

पाचव्या वर्षी विमान उडायला लागलं, आणि वर्बान उतरल्या तोंडाने माझ्याकडे आला.

"वर येतंय गं," तो म्हणाला. "त्याच उंचीवरून, त्याच वेगाने. दहाच्या दहा वेळा वर येतंय. समिती बरोबर होती."

"मावशीला काय सांगितलंस?"

"अजून तयार नाही म्हणालो. कॉकपिट राहिलंय."

ते खोटंही नव्हतं. कॉकपिट राहिलं होतंच. हे लोक कॉकपिट मनाने काढत नाहीत. खऱ्या विमानाचा फोटो घेतात, तो स्क्रीनवर मोठा करतात आणि त्यावरून एकेक तबकडी गिरवतात. इम्रिखने संग्रहालयातल्या विमानाचे फोटो पाठवले होते, पण त्यातली निम्मी यंत्रं लोकांनी काढून नेलेली. वर्बानने हे सहज मावशीपुढे बोलून दाखवलं. ती उठली, खाली गेली आणि भिंतीवरचा फोटो चौकटीसकट घेऊन आली.

तो फोटो अख्ख्या इमारतीला माहीत होता. त्रिफोन कॉकपिटमध्ये बसलाय, मान वर करून हसतोय, आणि त्याच्या गुडघ्यांपुढे सगळ्या तबकड्या. उड्डाणाच्या दहा मिनिटं आधीचा. काढला होता वर्बाननेच, शिडीवर उभं राहून, त्रिफोनच्याच नव्या कॅमेऱ्यात. चौकटीच्या मागे पाकिटात निगेटिव्हसुद्धा होती. मावशी असलं काही टाकत नाही.

"घे," ती म्हणाली. "पस्तीस वर्षं नुसती धूळ पुसतेय. आता कामाला येऊ दे."

त्याने स्टुडिओतून निगेटिव्ह मोठी करून आणली. तीन दिवसांनी भर दुपारी माझ्या दारात उभा. पायात घरातल्या चपला, बाहेर बर्फ.

"स्तोयना, तुझ्या वह्या आहेत ना अजून? त्या दिवशी सकाळी धावपट्टीवर हवेचा दाब किती होता?"

माझ्या वह्यांना सगळे हसतात, पण माझ्याकडे एकोणीस वर्षांची हवा लिहून ठेवलेली आहे. मी काढून बघितलं.

"सातशे सत्तावन्न मिलिमीटर. का रे?"

तो मटकन खाली बसला. तिथेच, बुटांच्या ढिगावर.

हे जरा सांगायला हवं. विमानात उंची दाखवणारा काटा असतो आणि त्याच्याखाली एका छोट्या खिडकीत दाबाचा आकडा. एकच खुंटी फिरवली की दोन्ही फिरतात. सकाळी धावपट्टीवर काटा शून्यावर हवा आणि खिडकीत मी फळ्यावर लिहिलेला आकडा हवा. नवं यंत्र बसवलं की मेकॅनिक आधी काटा शून्यावर आणतो, मग बारीक नट ढिला करून आकडा वेगळा जुळवतो. त्रिफोनच्या विमानात आदल्याच दिवशी नवं यंत्र बसवलं होतं. फोटोत काटा शून्यावर होता. खिडकीत सातशे पंचेचाळीस.

"बारा," वर्बान म्हणाला. "बाराचा फरक. मैदानावर पोचल्यावर त्याने तिथला दाब खिडकीत लावला असणार, नेहमीसारखा. मग काटा सरळ सरळ एकशे तीस मीटर जास्त दाखवत होता."

"तू जुळवला नव्हतास?"

"जुळवायलाच वर चढलो होतो गं! स्क्रू-ड्रायव्हर हातात होता. तेवढ्यात हा म्हणाला, आईसाठी एक फोटो काढ, नावाचा दिवस आहे. मी स्क्रू-ड्रायव्हर खिशात घातला, कॅमेरा घेतला. हस रे म्हणालो. तो हसला. मी खाली उतरलो."

पस्तीस वर्षांत हे त्याला एकदाही आठवलं नव्हतं, आणि का आठवावं? फोटो काढणं त्याच्या लक्षात राहिलं, राहून गेलेलं काम कोणाच्या लक्षात राहतं?

त्याने बाराचा फरक घालून विमान उडवलं. मी शेजारी उभी होते. काट्यावर भरवसा ठेवून, ठरलेल्या उंचीवर दांडा ओढला. जमीन. पुन्हा. जमीन. वीस वेळा उडवलं, मग मी त्याचा हात धरला.

"हे बघ," मी म्हणाले, "गप्प बस. माझी शपथ आहे तुला. म्हातारी शहाऐंशीची आहे, आज आहे उद्या नाही. दर रविवारी तुला खाऊ घालते. तिला काय सांगणार, तुझा पोरगा मी मारला?"

"तिला दगडावर नाव हवंय."

"आणि तुला? तुला काय हवंय? या जिन्यात तोंड दाखवायचंय की नाही?"

"तू जा आता," तो म्हणाला. मी गेले. दार इतक्या जोराने आपटलं की शेजारची बाई बाहेर आली.

तीन रविवार त्याने मावशीला दार उघडलं नाही. चौथ्या रविवारी ती मलाच घेऊन वर चढली आणि काठीने दार ठोकायला लागली. "उघड रे! मेलास की काय? मेला असशील तर तसं सांग!"

त्याने उघडलं. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. मावशीने त्याच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता नेहमीच्या खुर्चीवर बसली. तो बसला नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही, स्वतःला एक सवलत दिली नाही. मग विमान उडवून दाखवलं. स्क्रीनवरच्या काट्यावर बोट ठेवून म्हणाला, "हे बघ, मावशी. काटा सांगतोय, अजून एकशे तीस मीटर आहेत. आणि खाली काहीच नाहीये. हे मी केलं."

मला वाटलं, ही आता काठी उचलणार. खरं सांगते, मी पुढे झाले होते.

मावशी स्क्रीनकडे बघतच म्हणाली, "मी त्याला सकाळी वाइन दिली होती."

"एक पेला. तो नको म्हणत होता. उड्डाण आहे, आई, नको. मीच म्हणाले, नावाचा दिवस आहे, असा कोरड्या तोंडाने जाऊ नकोस. त्याने माझं मन मोडू नये म्हणून सगळा प्यायला." "समितीने विचारलं तेव्हा मी सांगितलं, घरात थेंब नव्हता. पस्तीस वर्षं मला वाटतंय, माझ्या पेल्याने गेला."

"नाही मावशी," वर्बान म्हणाला. "पेल्याने नाही गेला."

"मग हा आकडा. तो त्याने बघायला नको होता का? बसल्यावर?"

तळावर एक दिवस काम केलेल्या माणसालाही याचं उत्तर माहीत आहे. वैमानिक बसला की पहिलं तेच बघतो. काटा शून्यावर, खिडकीत फळ्यावरचा आकडा. तो आकडा मीच मोठ्या अक्षरात लिहायचे, लांबून दिसावा म्हणून. जुळला नाही तर हात वर करायचा आणि मेकॅनिकला परत बोलवायचं. त्रिफोन रोज न चुकता बघायचा. त्या दिवशी त्याने बघितलं नाही. का नाही बघितलं, ते देव जाणे.

"नाही," वर्बान म्हणाला. "वैमानिक तिकडे बघतसुद्धा नाही. ते काम निव्वळ मेकॅनिकचं." आणि त्याने माझ्याकडे पाहिलं.

मावशीनेही माझ्याकडे पाहिलं. "खरं का गं?"

"हो," मी म्हणाले. "मेकॅनिकचंच."

तिने खूप मोठा श्वास सोडला. मग उठली. "हे सगळं कागदावर लिहून सही करून दे. दगडासाठी." तो टेबलाशी बसला आणि त्याने लिहून दिलं, मेकॅनिकचंच काम हे सुद्धा. तिने कागद घडी करून पिशवीत घातला. "माझा फोटो." तोही त्याने दिला, निगेटिव्हसकट. दारात ती वळली.

"आता माझ्या दारात येऊ नकोस, वर्बान. आणि मी मेले तर मातीलाही येऊ नकोस."

"नाही येणार, मावशी."

जिना उतरताना तिने माझा दंड घट्ट धरला होता. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली. दम लागला असेल म्हणून मीही थांबले. ती माझ्याकडे बघत नव्हती, खालच्या पायऱ्यांकडे बघत होती.

"एका पेल्याने काही होत नाही ना गं, स्तोयना?"

"छे," मी म्हणाले. "एका पेल्याने काय होतंय, मावशी."