एकोणचाळीस मिनिटं

गुरुजींची हार्ड डिस्क खराब झाली नव्हती. ती मी पुसली. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

तळोद्याला जीप स्टँडच्या मागे माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. वर सातपुड्यात जाणाऱ्या जीप तिथूनच भरतात, त्यामुळे गिऱ्हाईक बहुतेक डोंगरातलं. गुरुजी त्यातलेच. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, घरी पावरी ही डोंगरातली आदिवासी बोली बोलणारे, माझ्याशी मात्र पुस्तकातल्यासारखं स्वच्छ मराठी. त्यांचा कॉम्प्युटर जुना होता आणि त्यावर जुनी विंडोज एक्सपीच लागायची. ज्या मराठी फॉन्टवर त्यांचा हात बसला होता तो पुढच्या कुठल्याच विंडोजवर धड चालेना. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी पेन सोडलं होतं. दोन बोटांनी टाइप करायचे.

त्या मशीनमध्ये दोन हार्ड डिस्क होत्या, दोन्ही चाळीस जीबीच्या. दुसरी मीच आदल्या वर्षी बसवून दिलेली, ओळखू यावी म्हणून तिच्यावर पांढरी चिकटपट्टी लावून पेनाने ‘डी’ लिहिलेलं. आमच्याकडे सगळे दुकानदार गिऱ्हाइकाला एकच गोष्ट पढवतात: सी आमचा, डी तुमचा. विंडोज बिघडली की आम्ही सी पुसणार, तुमचं सामान डीमध्ये असलं की झोप शांत. गुरुजींनी तेव्हा विचारलंही होतं, सीडीवर एक प्रत काढून ठेवू का? मी म्हणालो होतो, डीमध्ये आहे ना, मग कशाला.

पाच-सहा वर्षांपूर्वीच्या त्या मंगळवारी ते बाराच्या सुमारास कॅबिनेट गोणपाटात बांधून आले. मशीन चालू व्हायचं, विंडोजची खूण दिसायची आणि पुन्हा बंद. पुढच्या आठवड्यात त्यांच्या गावच्या वनहक्काच्या दाव्यांची सुनावणी होती. जमीन किती पिढ्या कसतोय याचा कागद नसला तर गावातल्या वयस्क माणसांचा जबाब पुरावा म्हणून चालतो. गुरुजींनी सात म्हाताऱ्यांचे जबाब घेतले होते. कुठला नाला, कुठलं मोहाचं झाड, कुणाच्या बापाने कुठे बांध घातला, सगळं. ते ऐकत ऐकत थेट टाइप केलेलं, कागदावर काहीच नाही. प्रिंट माझ्याच दुकानात काढायची, वर नेऊन अंगठे घ्यायचे, असं ठरलेलं. चारची जीप गाठायची होती.

मी कॅबिनेट उघडलं. आत चुलीच्या राखेसारखी धूळ. दोन्ही डिस्क बाहेर काढल्या, ब्लोअर मारला, केबली परत लावल्या. शेजारचा चहावाला कप घेऊन आला नि गुरुजींना म्हणाला, “गुरुजी, तुम्हनं मशीन म्हातारं व्हयनं. आते त्याले बी पेन्शनवर धाडा.”

“पेन्शनवर मी एकटा पुरे,” गुरुजी म्हणाले. “त्याला काम करू दे.”

आम्ही हसलो. हसता हसताच मी एक्सपीची सीडी घातली. निळा पडदा आला, एफ-एट दाबलं, डिस्कची यादी आली. पहिल्या ओळीत सी. खाली दुसरी ओळ होती, तिच्याकडे मी पाहिलंही नाही. सी आमचा. एंटर, क्विक फॉरमॅट, एंटर. हे मी इतक्या वेळा केलेलं की बोटंच करायची.

फायली कॉपी झाल्या, मशीन रीस्टार्ट झालं, डाव्या बाजूला अक्षरं आली: अंदाजे एकोणचाळीस मिनिटं बाकी. पंख्याचा आवाज येतोय का बघायला मी कॅबिनेटमध्ये वाकलो. पहिल्या केबलला जी डिस्क होती, तिच्यावर पांढरी पट्टी होती.

धूळ साफ करून केबली लावताना मी अदलाबदल केली होती. सेटअपला पहिली दिसली ती सी. ती गुरुजींची होती.

आता जे सांगायचंय ते हे. चूक तिथवर होती. क्विक फॉरमॅटमध्ये फायली लगेच जात नाहीत, फक्त त्यांची यादी जाते. त्याच क्षणी वायर ओढली असती तर बरंचसं परत काढता आलं असतं. तशी सॉफ्टवेअर माझ्याकडे होती, मी इतरांना काढून दिलेलं आहे. पुढचं प्रत्येक मिनिट त्या जबाबांवर नवं काहीतरी लिहीत होतं. हे मला ठाऊक होतं. वायर माझ्या पायाजवळ होती.

पण ती ओढली की गुरुजी विचारणार होते, काय झालं. ते स्टुलावर बसून मला सांगत होते की सातांपैकी दोघं मधल्या पावसाळ्यात गेली. एक म्हातारी आणि तिचा दीर. बरं झालं आपण वेळेत लिहून घेतलं, म्हणाले. चौतीस मिनिटं. मी मान हलवली. सेटअपने नाव विचारलं, मी गुरुजींचं नाव टाकलं. सव्वीस. मध्येच तारीख, वेळ. मी बरोबर भरली. आठ मिनिटं उरली तेव्हा मनाशी म्हणालो, आता थांबवून काय फायदा. मी त्याचीच वाट बघत होतो, हे मला तेव्हाही कळत होतं.

झाल्यावर मी विंडोजला मराठीसाठी लागणाऱ्या फायली टाकल्या, फॉन्ट टाकला, कीबोर्ड लावला. सगळं सुरेख चाललं.

गुरुजी जीपवाल्याला जागा धरायला सांगायला गेले. तेवढ्यात मी पट्टी नखाने सोडवली आणि दुसऱ्या, बिघडलेल्या विंडोजच्या डिस्कवर चिकटवली. ते आले तेव्हा ती डिस्क माझ्या हातात होती.

“गुरुजी, डी उडाली. आतून खराब झालीय.”

त्यांनी पट्टीवरच्या ‘डी’वर बोट ठेवलं. “काहीच निघणार नाही?”

“नाही.”

“तुम्ही खूप खटपट केली, भाऊ,” ते म्हणाले. डिस्क त्यांनी रुमालात बांधून घेतली.

पाच म्हातारे त्यांनी पुन्हा गाठले, म्हणे आठवडाभर डोंगर चढत-उतरत होते. ज्या दोघांना आता कुणी विचारू शकत नाही, त्यांच्या जबाबांवर दोन घरांचे दावे होते. ते दावे पुराव्याअभावी मागे राहिले, अजून तिथेच आहेत. त्या घरातला एकजण महिन्यातून एकदा बाजाराला येतो. मला रामराम करतो.

गुरुजी आता फारसे खाली उतरत नाहीत. अजूनही कुणाचा कॉम्प्युटर बिघडला की माझ्याकडेच पाठवतात, माणूस प्रामाणिक आहे असं सांगून.

त्या म्हातारीचे आणि तिच्या दिराचे शब्द माझ्याकडून आता परत मिळणार नाहीत. गुरुजींना मी एवढं सांगायला हवं की डिस्क चांगली होती, मी पुसली, आणि कळल्यावरही थांबवलं नाही. त्या दोन घरांसमोरही हेच सांगायला हवं, आणि कुठे लेखी द्यावं लागलं तर माझ्या सहीने द्यायला हवं. यातलं काहीच अजून केलेलं नाही.