सरांच्या चष्म्याचं माप

माझी वहिनी डूख धरते. हे मी तिच्या तोंडावरही सांगते आणि ती "मग?" एवढंच म्हणते. लग्नाच्या दिवशी आमच्या एका आत्याने तिच्या ठेंगणेपणावरून टोमणा मारला होता. पुढची एकवीस वर्षं ती आत्या आमच्याकडे राहायला आली की वहिनी वरच्या फळीवरचा प्रत्येक डबा तिच्याकडून काढून घ्यायची. "काढा ना आत्या, तुम्ही उंच आहात," असं गोड हसून. शेवटी आत्याचे गुडघे गेले तेव्हा कुठे ते प्रकरण मिटलं.

मला हे आवडतं. झालं गेलं विसरून जा म्हणणाऱ्यांचं सहसा काही गेलेलं नसतं, असा माझा अनुभव आहे.

दादाचं आणि वहिनीचं चष्म्यांचं दुकान. पुढे काचेची कपाटं, आरसा आणि दोन स्टुलं. पार्टिशनच्या मागे काचा घासायचं मशीन, ज्याचा पांढरा चिखल दादाच्या नखांतून कधी गेला नाही. माझं शिवणाचं दुकान बरोबर समोर. मशीनवरून मान वर केली की मला दादा दिसायचा, गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर वाकलेला.

दादाची एक पद्धत होती. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक कार्ड. वर नंबर, आणि खाली त्या माणसाची खोड. "उजवा कान दोन मिलिमीटर खाली." "झोपून वाचतात, कबूल करत नाहीत." "आरसा दिसला की पोट आत घेतो, श्वास सोडेपर्यंत थांबा." अशी हजारभर कार्डं एका लांब ड्रॉवरमध्ये अक्षरांप्रमाणे लावलेली. त्या ड्रॉवरमध्ये अख्ख्या वस्तीच्या खोडी होत्या, पण दादाने कधी कुणाची बाहेर काढली नाही. असली गोष्ट माझ्या हाती असती तर मी एका आठवड्यात वस्ती पेटवली असती.

सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. सहा फूट उंच, आवाज खणखणीत. सभा असली की माइक आपोआप त्यांच्या हातात जायचा. त्यांना लांबचं, मधलं आणि जवळचं एकाच काचेत दिसणारा चष्मा लागायचा. अशा चष्म्यात सगळा खेळ एका ठिपक्याचा. रिकामी फ्रेम चेहऱ्यावर चढवायची आणि बुबुळाच्या बरोबर समोर पेनाने ठिपका द्यायचा. तो दोन-तीन मिलिमीटर चुकला की पायऱ्या तरंगतात, ओळी पळतात, डोकं ठणकतं. आणि सरांची गोम अशी, की स्टुलावर बसवलं की ते फोटोला बसल्यासारखे ताठ व्हायचे. हनुवटी वर. एरवी ते तसे कधीच नसायचे.

ही गोम दादाला सापडली होती. सरांना कुठल्या तरी वादात ओढायचं. एकदा का ते तावातावाने बोलायला लागले की हनुवटी खाली यायची, मान किंचित डावीकडे कलायची. ते खरे सर. मग दादा हूं हूं करत, मध्येच काडी टाकत, हळूच ठिपका द्यायचा. सर वाद जिंकल्याच्या खुशीत उठायचे आणि चष्मा झकास बसायचा.

मग ती साथ आली. दुकानात मास्कशिवाय कुणाला घ्यायचं नाही असा नियम निघाला आणि आमच्या रस्त्याचे उभे दोन तुकडे झाले. औषधवाल्याने दाराला दोरी बांधली. किराणावाला म्हणाला, निदान रुमाल तरी बांधा. बेकरीवाल्याने मास्क लावणाऱ्यांनाच हसायला सुरुवात केली. आणि मास्क नको म्हणणाऱ्यांचे पुढारी कोण, तर सर. कोपऱ्यावरच्या बाकावर पुठ्ठ्याची पाटी घेऊन बसायचे: माझा श्वास, माझा हक्क. दुकानदारांच्या बैठकीत तर त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "बहीण मास्क शिवते आणि भाऊ सक्ती करतो! अहो, कळत कसं नाही तुम्हाला? धंदा आहे हा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिले तीनशे मास्क मी सफाई कामगारांना फुकट वाटले होते. ते सांगायला त्या बैठकीत एकाचंही तोंड उघडलं नाही, आणि कोण कोण गप्प बसलं ते मला अजून पाठ आहे.

त्यानंतर चारच दिवसांनी सर दादाच्या दुकानात शिरले. नंबर बदलला होता, नवा चष्मा हवा होता. तोंड उघडं, मागे दोन चेले, एकाच्या हातात फोन.

"सर, मास्क," दादा म्हणाला.

"मास्क लावला की चष्म्यावर वाफ येते. तुम्हीच चष्मे विकायचे आणि तुम्हीच आम्हाला आंधळं करायचं?"

पुढे वीस मिनिटं ते चाललं. समोरून मला दादाची पाठ दिसत होती आणि सरांचा आवाज ऐकू येत होता. त्या वीस मिनिटांतली चाळीस सेकंदं संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या फोनवर फिरली. त्यात दादा सरांच्या तोंडाजवळ वाकून पेन नाचवतोय आणि म्हणतोय, "नियम आहे सर, लोकं मरतायत." खाली लिहिलेलं: चष्मेवाल्याची दादागिरी. लोक हसून लोटपोट. म्हातारा पेनानेच तोंडावर मास्क रंगवतोय, असंही कुणीतरी लिहिलं होतं. मी तावातावाने समोर गेले, तर दादा पार्टिशनमागे काच घासत होता. "जाऊ दे गं," म्हणाला. "चष्मा चांगला होणार बघ सरांचा."

चौथ्या दिवशी सरांचा चेला येऊन चष्मा घेऊन गेला. सहाव्या दिवशी दादाला ताप आला. नवव्या दिवशी त्याला हॉस्पिटलात नेलं. नंतर आम्हाला नुसती एक पिशवी परत मिळाली, त्यात त्याचा चष्मा होता. वहिनीने तो नळाखाली धुतला, पुसला आणि दांड्यांचे स्क्रू आवळून पाहिले. सवयीने.

इथपर्यंत मी कदाचित गिळलं असतं. साथच ती, कुणाकडून कुणाला लागली याचा दाखला कोण देणार? पण पुढच्या बैठकीत सर उभे राहिले, तोच चष्मा घालून, आणि म्हणाले, "वाईट झालं. पण वय झालं होतं त्यांचं. आणि बघा, मास्क लावूनच गेले ना शेवटी?" दोघे-तिघे हसले. दादाच्या हातचा शेवटचा चष्मा त्या माणसाच्या नाकावर होता आणि त्यातून तो आम्हा दोघींकडे बघत होता.

त्याच महिन्यात सरांची सून कपडे शिवायला टाकायला आली. बोलता बोलता तिच्या तोंडून गेलं की चष्म्याचं माप द्यायला आले त्या दिवशी सकाळी सर तापाची गोळी घेऊन बाहेर पडले होते. पुढे घरातले सगळे आडवे झाले, पण बाहेर बोलायची बंदी होती. मी तशीच मशीन थांबवून समोर गेले. वहिनीने ऐकून घेतलं. मग तिने ड्रॉवर उघडला, सरांचं कार्ड काढलं, वाचलं, बराच वेळ वाचत राहिली, आणि ते पुन्हा आत न ठेवता स्क्रूड्रायव्हरच्या डब्याखाली सरकवलं.

"तो येईल," ती म्हणाली.

"कशावरून?"

"त्याचं माप दुसऱ्या कुणाला सापडायचं नाही."

तीन वर्षं तिने वाट पाहिली. नुसती बसून नव्हे. ती मशीन शिकली, ठिपका द्यायला शिकली. माझ्यावर, औषधवाल्यावर, दिसेल त्याच्यावर हात बसवला. तिच्या नखांतही पांढरा चिखल आला. साथ ओसरली, नियम उठला, लोक मास्क विसरले. माप घेताना वहिनी मात्र लावत राहिली.

आणि एके दिवशी सर स्वतःच्या चष्म्यावर बसले. फ्रेमचे दोन तुकडे, काचेला तडा.

मी खोटं कशाला बोलू, पुढचे चार महिने माझे फार सुखात गेले. सर एका दुकानातून दुसऱ्या दुकानात हिंडले. सगळ्यांनी त्यांना ताठ बसवलं आणि ताठ बसलेल्या सरांचं माप घेतलं. मोठ्या शोरूमच्या यंत्रानेही तेच केलं. पाच चष्मे झाले. वाचनालयाच्या कार्यक्रमात त्यांनी भाषणातली एकच ओळ दोनदा वाचली आणि तिसऱ्यांदाही तिथेच आले. बँकेच्या पायरीवर ते असे पाय टाकत, जशी काही पायरी पाण्याखाली आहे. मी हे सगळं वहिनीला मीठ-मसाला लावून सांगायचे आणि ती काच पुसत ऐकायची.

"आला की चुकीचा नंबर घास," मी म्हटलं. "आयुष्यभर डोकं धरून बसेल."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी एक पाऊल मागे सरले. "वन्सं," ती म्हणाली. वन्सं ती मला फक्त चिडली की म्हणते. "या दुकानातून चुकीचा चष्मा जाणार नाही. त्यांच्या नावाला मी बट्टा लावणार नाही."

मग सर आले. सकाळची वेळ, दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं. मी सुईत दोरा ओवत होते, तो तसाच टाकून रस्ता ओलांडला. सर दारात उभे होते, पूर्वीपेक्षा थोडे लहान दिसत होते.

"वहिनी, तुमच्याकडेच जमेल असं वाटतं," ते म्हणाले. "वाचता येत नाही हो. वाचल्याशिवाय मी काय करू दिवसभर?"

"बसा," वहिनी म्हणाली. तिने मास्क लावला, त्यांना फ्रेम चढवली, आणि त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत येण्यासाठी छोट्या पाटावर चढली. सर ताठ. हनुवटी वर. मग तिने डब्याखालून कार्ड काढलं.

"तुमचं माप कसं घ्यायचं ते यांनी लिहून ठेवलंय. वाचू?" आणि तिने सगळ्यांसमोर वाचलं. "'ताठ बसतात, ते माप खोटं. वादात ओढा.' खाली विषय आहेत. शाळेचा गणवेश. गच्चीवरची टाकी. भटकी कुत्री." तिने बोट खालच्या ओळीवर नेलं. "आणि हा शेवटचा. 'विषय: मास्क. वीस मिनिटं. मान डावीकडे, हनुवटी खाली. माप उत्तम मिळालं.'"

मला तेव्हा कळलं. त्याची वादाची युक्ती ठाऊक असूनही तीन वर्षं मी समजत होते, दादा त्या दिवशी नियमासाठी भांडला. वहिनीला पहिल्यापासून माहीत होतं. तो त्या माणसाचं माप घेत होता. त्याच्या उघड्या तोंडापासून वीतभर अंतरावर, वीस मिनिटं, त्याला नीट दिसावं म्हणून.

"ते जुनं झालं आता, वहिनी," सर म्हणाले.

"माप तर घ्यायलाच हवं. चला, वाद घालू. विषय तोच." तिने पेनाचं टोपण काढलं. "तुमचं म्हणणं होतं, माझा श्वास, माझा हक्क. बोला."

सर बोलले नाहीत.

"तुमचं म्हणणं होतं, आमचा हा धंदा आहे. बोला ना. यांचं वय झालं होतं. मास्क लावूनच गेले." पेन त्यांच्या बुबुळासमोर, हात जराही हलत नव्हता. "बरं, मी विचारते. त्या दिवशी सकाळी तापाची गोळी घेऊन तुम्ही या स्टुलावर बसलात. यांना सांगितलं होतंत?"

मी फोन काढून उचलला होता. चाळीस सेकंदं मलाही हवी होती. वहिनीने मान न वळवता नुसता डावा हात खाली केला. मी फोन ठेवला. त्याची हळहळ मला आजही आहे.

सरांची मान आधी हलली, जणू वाद येतोय. मग ती खाली गेली. अगदी छातीपर्यंत. फ्रेम नाकावरून घसरली आणि बुबुळं दिसेनाशी झाली.

"मान वर करा, सर."

वर झाली नाही.

"भांडा की हो," वहिनी म्हणाली, आणि इथे पहिल्यांदा तिचा आवाज फाटला. "ते हयात असताना भांडलात. आता भांडा!"

ती पेन धरून पाटावर तशीच उभी राहिली. मग तिने पेनाला टोपण लावलं आणि त्यांच्या नाकावरची फ्रेम दोन्ही हातांनी सांभाळून काढून घेतली.

"माप मिळत नाही," ती म्हणाली. "या तुम्ही."

"परत कधी येऊ?" सरांनी जमिनीकडे बघत विचारलं.

"भांडता येईल तेव्हा या."

ते गेले. बाहेरची पायरी त्यांनी पायाने चाचपून उतरली. वहिनीने कार्डावर दादाच्या अक्षराखाली लिहिलं: विषय: मास्क. सर बोलले नाहीत. माप नाही. आणि तीन वर्षांत पहिल्यांदा ते कार्ड ड्रॉवरमध्ये, अक्षराप्रमाणे, त्याच्या जागी ठेवलं. मग पार्टिशनच्या मागे गेली आणि मशीन चालू केलं. मशीनवर काच नव्हती. तिचं रडणं गिऱ्हाइकांना ऐकू जाऊ नये म्हणून ते चालू होतं.

त्याला दीड वर्ष झालं. सर कोपऱ्यावरच्या बाकावर पेपर घेऊन बसतात, कधी लांब धरतात, कधी जवळ. वहिनी रोज सकाळी ते रिकामं स्टूल पुसते, फ्रेम तयार ठेवते आणि दाराकडे तोंड करून बसते. माप घ्यायला ती आजही तयार आहे.